पहिली धार

वसईच्या पश्चिम पट्ट्यातील ज्या घरात आमचे बालपण गेले, त्या घरात मद्याचा उच्चार दोनच प्रसंगी मोठ्याने होत असे. एक, लग्नाचा मांडव घातला म्हणजे. आणि दुसरा, पोलिसांची गाडी वाडीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली म्हणजे. एरवी ती गोष्ट घरात असूनही घरात नसल्यासारखी होती. अशा घरातून आलेल्या, आणि १९९१ सालापासून थेंबालाही न शिवलेल्या आम्हां उभयतांवर उतारवयात स्कॉटलंडमधील एका खेड्यात टेबलापुढे बसून व्हिस्कीचे पाच पेले हुंगण्याची वेळ यावी, याचे आम्हांला अजूनही नवल वाटते. त्या दिवशी जे घडले ते लिहून ठेवावे, असे तेव्हापासून मनात आहे. आपल्या धर्मग्रामांत ज्यांच्या उंबऱ्यापर्यंत हा विषय कधीच आलेला नाही, अशी घरे फार थोडी असतील.

आमचा पुतण्या ॲबर्डीन येथे अभियंता आहे. उत्तर समुद्रातील तेलामुळे त्या शहरात जगभरची माणसे पोटापाण्यासाठी आली, त्यांत आमचाही एक. तो आमच्या थोरल्या भावाचा, म्हणजे दादाचा मुलगा. दादा गेला तेव्हा हा अकरा वर्षांचा होता. दादाचे वय सत्तेचाळीस. डॉक्टरांनी कागदावर यकृताचा आजार असे लिहिले. गावाला कागद वाचण्याची गरज नव्हती. दफनाहून परत आल्यावर आम्ही उभयतांनी कपडेही न बदलता आल्तारीसमोर शपथ घेतली, की यापुढे या घरात लग्नातसुद्धा मद्य येणार नाही. पुतण्या त्या वेळी दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. त्याने ती शपथ ऐकली होती.

म्हणूनच गेल्या जून महिन्यात त्याच्याकडे गेलो असता त्याने एका संध्याकाळी जेवताना सांगितले, “काका, शनिवारी आपण डफटाउनला जातोय. व्हिस्की कशी करतात ते बघायचं, आणि मग टेस्टिंग आहे. तिघांची तिकिटं काढलीत,” तेव्हा सौ.च्या हातातला घास हातातच राहिला. तिने आमच्याकडे पाहिले. आम्ही पाण्याच्या पेल्याकडे पाहिले. नाही म्हणणे सोपे होते. परंतु ‘नाही’ म्हटल्यावर तो आमच्या माघारी काय करतो हे कधीच कळले नसते. खरे सांगायचे तर आम्ही व्हिस्की पाहण्यासाठी गेलो नाही; पुतण्याला पाहण्यासाठी गेलो.

ॲबर्डीनहून पश्चिमेकडे मोटारीने दीडएक तास गेले, की स्पे नदीचे खोरे लागते. सातूची शेते, मेंढ्या, दगडी घरे आणि मधूनच धुराड्यासारखे टोकदार छप्पर. ते दिसले की ओळखावे, तेथे व्हिस्की गाळली जाते. डफटाउन हे गाव तर आपल्या सात भट्ट्यांची तुलना रोमच्या सात टेकड्यांशी करते. येथील ग्लेनफिडिक या प्रसिद्ध कारखान्याच्या उभारणीला विल्यम ग्रँट यांनी १८८६ साली आपल्या मुलाबाळांना हाताशी धरून आरंभ केला, आणि त्याच्या नळीतून पहिला थेंब पडला तो १८८७ च्या नाताळच्या दिवशी.

आम्हांला ज्या कारखान्यात नेले तेथे एक मध्यमवयीन बाई मार्गदर्शक होत्या. बोलणे मृदू, पण माहिती पक्की. सातू भिजत घालतात, त्याला मोड आणतात, मोड वाढण्याआधी ते वाळवतात, भरडतात, कढत पाण्यात कालवून त्यातील गोडवा उतरवून घेतात आणि त्या गोड पाण्यात यीस्ट घालून ते आंबवतात, हे त्या एकेका टाकीपाशी थांबून सांगत होत्या. आंबवण्याच्या दालनात लाकडाच्या दोन-तीन पुरुष खोल टाक्या होत्या. त्यांनी एका टाकीचे झाकण किंचित उचलले आणि म्हणाल्या, जपून, नाकाला झिणझिण्या येतील.

झिणझिण्या आल्याच. पण त्याआधी आला तो वास. आंबूस, गोडसर, किंचित कुजका. साठ-पासष्ट वर्षे मागे टाकून आम्ही एकदम खाडीकाठच्या तिवरांच्या झाडीत जाऊन उभे राहिलो. ज्याने हा वास एकदा घेतला त्याला तो कोणत्याही देशात ओळखता येतो. आमच्याकडे त्याला ‘रसायन’ म्हणत.

मुंबई राज्यात १९४९ साली दारूबंदीचा कायदा झाला. कायदा झाला म्हणून तहान संपली नाही. ती काळोखात गेली. मुंबईतील अड्ड्यांना माल लागे आणि आसपासच्या खाडीकाठांवर तो तयार होई. आमच्या बानेही भट्टी लावली होती. त्या साली पानवेल बुडाली होती आणि वाडीवर कर्ज होते, एवढेच आम्ही त्याच्या बाजूने सांगू शकतो. काळा गूळ आणि नवसागर घालून मातीच्या रांजणांत रसायन पुरून ठेवायचे आणि रात्री गाळायचे. भट्टीपाशी जागायला घरातले कोणीतरी हवे असे. चौदा वर्षांच्या दादाचे नाव शाळेतून काढले गेले, ते यासाठी. आम्ही त्याच्याहून चार वर्षांनी लहान. आमचे नाव शाळेत राहिले.

डफटाउनच्या त्या दालनात आम्ही यातले काहीच बोललो नाही. सौ.ने मात्र आमचा दंड धरला.

पुढच्या दालनात तांब्याची मोठमोठी पात्रे होती. रूप पाहू जाता मानेचा घडाच. फक्त हत्ती मावेल एवढा. येथे आंबवलेला रस दोनदा गाळतात. त्या पात्रांच्या पलीकडे पितळी चौकटीची काचपेटी होती, आणि तिला कुलूप. गाळून आलेली धार त्या पेटीतून वाहताना दिसते, पण तिला हात लावता येत नाही. बाई सांगू लागल्या, की धारेचे तीन भाग करतात. प्रथम जी येते ती तीव्र, उग्र. तिच्यात नको ते पदार्थ अधिक, म्हणून ती बाजूला काढून पुढच्या खेपेला पुन्हा गाळायला घालतात. शेवटची येते ती मंद व ओशट; तिचेही तेच. केवळ मधली धार, जिला ते हृदय म्हणतात, तेवढीच पिंपात जाते. धार नेमकी कोठे तोडावी हे जाणण्यात कारागिराचे सारे कसब.

आपल्याकडे ‘पहिल्या धारेची’ हा शब्द कौतुकाने उच्चारला जातो, हे वाचकांस ठाऊक आहेच. आमच्या भट्टीवरही पहिली धार मानाची. ती उतरली की तिचे चार थेंब विस्तवावर टाकायचे. निळी ज्योत उठली की माल खरा. आणि ज्योतीने खात्री पटली नाही तर जिभेने पटवायची. ती जीभ दादाची असे. चौदा वर्षांच्या पोराच्या जिभेवर, रात्री दोन वाजता, रोज थोडी थोडी. जी धार येथील माणसे कुलपाआड ठेवून बाजूला काढतात, ती आम्ही आमच्या घरच्या थोरल्या मुलाला दिली.

चाचणी शेजारच्या बसक्या दगडी खोलीत होती. प्रत्येकापुढे कमळाच्या कळीसारखे मिटत्या तोंडाचे पाच छोटे पेले, पाण्याचा चंबू आणि एक रिकामे भांडे. ज्यांना गिळायचे नाही त्यांनी थुंकण्यासाठी. जाणकार लोकही कामाच्या वेळी असेच थुंकतात, असे बाईंनी सांगितले. आम्ही पेले हाती घेत नाही हे त्यांच्या ध्यानात आले असावे. त्यांनी कारण विचारले नाही. एवढेच म्हणाल्या, की या विद्येत नव्वद आणे काम नाकाचे आहे अशी आमच्यात समजूत आहे, तेव्हा जीभ नसली तरी चालेल. ‘नव्वद आणे’ हा अर्थातच आमचा तर्जुमा. एवढ्या उदारपणाला सोळा आणे अपुरे पडले असते.

म्हणून आम्ही हुंगले. पेला हलकेच फिरवावा, तोंड किंचित उघडे ठेवून वास घ्यावा, मग दोन थेंब पाणी घालून पुन्हा घ्यावा. पाणी पडले की वास उमलतो, हे आम्ही स्वतः अनुभवले. पहिला पेला दक्षिणेकडच्या सखल प्रदेशातला, गवताच्या गंजीसारखा. दुसरा याच खोऱ्यातला, अमेरिकन मद्याच्या जुन्या पिंपात मुरलेला; त्यात पिकल्या वेलची केळ्याचा वास. तिसरा शेरीच्या पिंपातला. तो सौ.ने हुंगला आणि ती चटकन म्हणाली, “अगो बाय, ही तर आपली सुकेळी!” खरोखरच उन्हात वाळवून पानात गुंडाळलेल्या सुकेळ्यांचा तो वास होता. चौथ्यात समुद्राची खारट हवा. पाचवा आयला बेटावरचा. तेथे मोडाचा सातू पीटच्या धुरावर वाळवतात. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षे साचून अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, जो विटांसारखा कापून जाळतात. त्या पेल्यात ओल्या सरपणाचा धूर आणि इस्पितळातले टिंक्चर एकदमच होते. आम्ही तो दूर सारला.

बाईंनी इतिहासही सांगितला. १४९४ सालच्या राजदप्तरात एक नोंद आहे: राजाच्या आज्ञेवरून जॉन कॉर या मठवासी बंधूला ‘आक्वा व्हिते’ करण्यासाठी आठ बोल मोडाचा सातू दिला. बोल हे जुने माप. राजा चौथा जेम्स. फाइफ परगण्यातील लिंडोरेस मठाशी या बंधूचे नाव जोडले जाते. ‘आक्वा व्हिते’ म्हणजे जीवनाचे पाणी. त्याचेच गेलिक भाषेत ‘उश्के बाहा’ झाले आणि त्यातील पहिल्या शब्दाचे पुढे ‘व्हिस्की’. मठांत हे द्रव्य औषध म्हणूनही करीत. औषधाचे पेय होते, पेयाचे व्यसन होते; वाट उताराची असली की पावले आपोआप पडतात.

कोठारात सांगितलेली एक गोष्ट आमच्या मनात रुतून राहिली. कायद्याने स्कॉच व्हिस्की ओकच्या पिंपात निदान तीन वर्षे मुरावी लागते. त्या काळात लाकडातून दरसाल सुमारे दोन टक्के द्रव्य हवेत उडून जाते. त्याला ते लोक ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. कल्पना मोठी गोड. परंतु कोठाराबाहेर आलो तेव्हा भिंतींवर आणि आसपासच्या झाडांच्या खोडांवर काजळी चढल्यासारखी दिसली. विचारले, तर कळले की उडून जाणाऱ्या या वाफेवर एक काळी बुरशी पोसते. म्हणजे वाटा देवदूतांचा आणि काळोखी भिंतींना.

आता पुतण्याविषयी. तो आमच्या डाव्या हाताला बसला होता, आणि आमचे अर्धे लक्ष त्याच्या पाच पेल्यांवर होते. त्याने पाचही हुंगले. एकही ओठाला लावला नाही. मोटार त्याला चालवायची होती. स्कॉटलंडमध्ये डिसेंबर २०१४ पासून वाहनचालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅमहून अधिक अल्कोहोल चालत नाही. आपल्याकडे तर ही मर्यादा ३० आहे. ती पाळली जाते की नाही हा प्रश्न निराळा. अशा चालकांसाठी बाईंनी चिमुकल्या कुप्या ठेवल्या होत्या. त्यांत आपला वाटा ओतून घरी न्यायचा. पुतण्याने पाच कुप्या भरल्या, बुचे नीट लावली आणि कोटाच्या खिशात ठेवल्या. खिशातला तो किणकिणाट ऐकून आमच्या पोटात कालवले. दादाच्या खिशातही असाच आवाज येत असे.

रात्रीचा मुक्काम स्पेकाठच्या क्रेगेलाकी गावात होता. थॉमस टेलफर्ड यांनी १८१४ साली पुरा केलेला लोखंडी पूल तेथे अद्याप उभा आहे. मुक्कामाच्या खालीच व्हिस्कीचा बार. ‘बार’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जे येते, तसले काहीच नव्हते. ग्रंथालयासारखी खोली, चारही भिंतींवर छतापर्यंत बाटल्या, आणि बोलणे दबक्या आवाजात. कपाटात एक दोन कानांचा पसरट प्याला ठेवला होता. त्याला तेथे क्वेख म्हणतात. तो दोन्ही हातांनी द्यावा आणि दोन्ही हातांनी घ्यावा, अशी जुनी रीत. हात गुंतलेले असले म्हणजे शस्त्राकडे जात नाहीत, असे तेथे गमतीने सांगतात.

परदेशी बाटल्यांच्या कप्प्यात पुतण्याने बोट दाखवले. पॉल जॉन, गोव्यातील कुंकळ्ळीची. उष्ण हवेत देवदूत अधिक तहानलेले असतात, त्यामुळे आपल्याकडच्या पिंपांतून इथल्या कितीतरी पट द्रव्य उडते आणि माल लवकर मुरतो, असे बारवाल्याने सांगितले. कुंकळ्ळी हे नाव ऐकून आम्हांला निराळेच आठवले. १५८३ साली तेथे पाच येशूसंघीय मारले गेले. त्यांचे प्रमुख रुडॉल्फ आक्वाव्हिवा. त्यांच्या आडनावाचा अर्थही ‘जिवंत पाणी’ असाच होतो. एकच शब्द, पण एकाने तो पेल्यात शोधला आणि एकाने प्राण देऊन.

पुतण्याने त्या बाटलीतले २५ मिलिलिटर मागवले. मोटार आता उभी होती. आम्ही दोघांनी चहा घेतला. त्याने पेल्यात पाणी घातले आणि घोट घेतला. आम्ही उघड उघड त्याच्याकडे पाहत होतो. बाहेर नऊ वाजून गेले तरी लख्ख उजेड होता. एक तास झाला. पेल्यात अजून थोडी शिल्लक होती.

“काका, मोजताय ना?” तो हसून म्हणाला.

आम्ही मान्य केले.

“मोजा. म्हणूनच आणलंय तुम्हांला. मी महिन्यातून एखाद्या वेळी घेतो. एकच. एकटा कधी नाही आणि घरात कधी नाही. त्या कुप्या सोमवारी ऑफिसातल्या मित्राला देणार, त्याला शौक आहे. पण हे तुमच्यापासून लपवायचं नव्हतं. आपल्या घरात या बाबतीत सगळं लपवूनच झालं.”

त्या शेवटच्या वाक्याने आमचे तोंड उघडले. जे आम्ही कबुलीजबाबात धर्मगुरूंना सांगितले होते पण ज्याचे होते त्याला कधी सांगितले नव्हते, ते आम्ही त्या परक्या मुलुखात, चहाचा पेला निवत असताना सांगितले. भट्टी, तिवरे, रात्रीचे जागरण, विस्तवावरची निळी ज्योत, दादाची जीभ. आणि मुख्य म्हणजे हे, की मोटारीच्या ट्यूबांत भरून जो माल मुंबईला गेला त्याच्या पैशांतून आमची फी भरली गेली. आम्ही शिक्षक झालो, मानाने निवृत्त झालो, चर्चमध्ये वाचन करायला उभे राहिलो. दादा भट्टीपाशी राहिला. भट्टी बंद पडल्यावरही तो तिच्यापाशीच राहिला. गाव त्याला दारुडा म्हणे आणि आम्हांला गुरुजी. एकाच धारेची ही दोन टोके.

सौ. हुंदका आवरीत होती. तिलाही फीचा भाग ठाऊक नव्हता.

पुतण्या बराच वेळ पेल्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “आईनं सांगितलं होतं. इकडं यायला निघालो त्याच्या आदल्या रात्री. म्हणाली, काकावर राग धरू नको. तुझे बाबा कधी धरत नव्हते. शुद्धीत असले की म्हणायचे, माझ्या जागरणानं एकजण तरी शिकला.”

“इतकी वर्षं तू बोलला नाहीस?”

“तुमच्या तोंडून ऐकायचं होतं.”

पेल्यात उरलेला घोट त्याने तसाच ठेवला. तो रागाने ठेवला, की त्याची इच्छा गेली, हे आम्ही विचारले नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. एका पेल्यावर थांबता येणे हा पराक्रम नव्हे. ते काहींना जमते आणि काहींना कितीही केले तरी जमत नाही. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी पहिला पेलाच वर्ज्य, हे १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या बंधुसंघाने जगाला शिकवले. आज आपल्याकडेही धर्मग्रामाच्या सभागृहांत त्यांच्या बैठका भरतात. दादाला कोणी तेथे नेले नाही. आम्ही त्याला उपदेश केला, त्याच्याशी अबोला धरला, त्याच्या बाटल्या विहिरीवर फोडल्या. आजारी माणूस समजून त्याचा हात मात्र धरला नाही. आमची शपथ त्याच्या दफनानंतरची. जिवंत माणसाला तिचा काय उपयोग?

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मिस्सा आटोपून पुतण्याने मोटार ग्लेनलिव्हेटच्या डोंगराळ भागात वळवली. रस्ता संपतो तेथून पुढे पायी गेल्यावर ओढ्याकाठी एक एकाकी दगडी घर दिसते. ते स्कॅलन. १५६० च्या धर्मक्रांतीनंतर स्कॉटलंडात मिस्सावर बंदी आली होती. तेव्हा या आडरानात १७१६ साली एक गुप्त धर्मविद्यालय निघाले. कलोडनच्या लढाईनंतर १७४६ साली सैनिकांनी ते जाळले. ते पुन्हा उभे राहिले आणि १७९९ पर्यंत चालले. शंभराच्या आसपास धर्मगुरू या ओसाड जागेने घडवले. आणि याच खोऱ्यात, याच काळात, कर चुकवून व्हिस्की गाळणाऱ्या कितीतरी चोरट्या भट्ट्या पेटत होत्या. १८२३ च्या कायद्याने परवाना सुकर झाला, आणि पुढच्याच वर्षी जॉर्ज स्मिथ यांनी येथे पहिला परवाना घेतला, तेव्हा शेजारच्या चोरट्यांच्या भीतीने त्यांना कमरेला पिस्तुले बाळगावी लागली.

आम्ही त्या घराच्या पायरीवर बसलो. एकाच डोंगराने दोन्ही गोष्टी लपवल्या होत्या. डोंगराला निवड करता येत नाही. माणसाला येते. आम्ही तिघांनी दादासाठी ‘आमच्या बापा’ म्हटले. पुतण्या मराठीतच म्हणाला, मध्ये कोठेही न अडखळता.

परत आल्यावर आम्ही दोन नोव्हेंबरला नेहमीप्रमाणे दफनभूमीत गेलो. दादाच्या कबरीवर मेणबत्त्या लावल्या, झेंडूची फुले ठेवली. दरवर्षी तेथे उभे राहिलो की आमची मान खाली असे. या वेळी सौ. म्हणाली, “सांगा ना त्यांना, पोरगा एकावर थांबतो म्हणून.”

आम्ही सांगितले. मोठ्याने सांगितले. शेजारच्या कबरीवर मेणबत्त्या लावणाऱ्यांनी वळून पाहिले, तेव्हा त्यांनाही ऐकू जाईल असे सांगितले.